दोन्ही बाजूंचा कोश

पुस्तक विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला फार शहाणपण शिकवू नये, हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं. खामगावच्या बाजारात माझं पुस्तकबांधणीचं आणि शाळेच्या पुस्तकांचं दुकान होतं. अब्दुल गनीच्या दुकानात आल्यावर काय घ्यायचं ते गिऱ्हाइकानं नव्हे, अब्दुल गनीनं ठरवायचं, असा माझा खाक्या. लोक पाठीमागं हसत, पण येत माझ्याकडेच.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडल्यापासून खिशात मावणाऱ्या इंग्रजी कोशांना बरकत आली होती. नागपूरच्या कचेरीत अर्ज करणारी पोरं, रुईच्या सौद्यासाठी मुंबईला जाणारे दलाल, सगळ्यांना कोश हवा असे. मी दोन ठेवायचो. एक पातळ, नुसता मराठीवरून इंग्रजी. दुसरा बोटभर जाड. त्याचा पुढचा अर्धा मराठीवरून इंग्रजी आणि मागचा अर्धा इंग्रजीवरून मराठी. दोन्हींत इंग्रजी शब्दांचा उच्चार बाळबोधीत छापलेला होता, म्हणजे चार बुकं शिकलेल्यालाही तो वाचून बोलता यावा. पातळ कोश मागणाऱ्याला मी तोंडावर अडाणी म्हणायचो.

थंडीतल्या एका सकाळी दुकानाची फळी काढतो न काढतो तोच एक जोडपं येऊन उभं राहिलं. अमडापूरचा पुंजाजी, त्याची बायको रुखमाबाई, आणि बापाच्या खांद्यावर सात वर्षांची कोकिळा. पोरीच्या गालावर फडकं बांधलेलं होतं आणि फडक्याखालून तिखटाचा लाल ओघळ सुकून गेला होता. पुंजाजीच्या हातात दवाखान्याच्या डॉक्टरची चिठ्ठी होती. ती त्यानं एवढी घट्ट धरली होती की कागद घामानं ओला झाला होता.

बाजाराच्या दिवशी पिसाळलेल्या कुत्र्यानं पोरीच्या गालाचा चावा घेतला होता. लोकांनी कुत्र्याला मारलं आणि जखमेत तिखट भरलं. मग आमच्याकडे करतात ते सगळं झालं. सात विहिरींत पोरीला डोकावायला लावायचं, सातही विहिरी वेगवेगळ्या शिवारातल्या हव्यात. त्यात चार दिवस गेले. मग एका फकिराचा अंगारा झाला. त्याच कुत्र्यानं चावलेली गाय आठव्या दिवशी फेस गाळत मेली, तेव्हा कुठे पुंजाजीनं बैलगाडी जुंपली आणि खामगाव गाठलं. तो नववा दिवस होता.

मी कपाळावर हात मारला आणि नको ते बोललो. रुखमाबाई मान खाली घालून ऐकत होती. विहिरींचा हट्ट तिचाच होता, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

डॉक्टरनं सांगितलं होतं की यावरच्या सुया दूर दक्षिणेत, निलगिरीच्या डोंगरात कुन्नूरला टोचतात. चावा तोंडावर आहे, तेव्हा एक दिवसही वाया घालवू नका. रेल्वेचा पास त्यानंच मिळवून दिला होता. रायचुराच्या खाली मराठी समजणारं माणूस भेटणार नाही, तीन ठिकाणी गाडी बदलायची, आणि तिथं पुढं तीन आठवडे रोज पोरीची हालहवाल सांगावी लागेल, म्हणून जाताना एक लहान कोश घेऊन जा, असं तो म्हणाला होता. जलंबला जाणारी गाडी दीड तासानं होती.

पुंजाजीनं पातळ कोशाला हात घातला. रुखमाबाईही म्हणाली, तोच बरा, हलका आहे, पोरीलाही उचलायचं आहे.

माझ्या अंगातला मास्तर जागा झाला. मी तो कोश त्याच्या हातातून काढून घेतला. म्हणालो, "हा घेऊन तुमी इचारान, पण समोरचा काय सांगून राह्यला ते कसं समजन? हा दोन्ही बाजूंचा न्या. डॉक्टर सायबाले मराठी येत नसन, तं तो मागच्या अर्ध्यातून आपला शब्द काढून तुमाले दाखवन. तुमी बाजूची मराठी वाचा."

पुंजाजीला ते पटलं. मी त्याला मागचा अर्धा उघडून दाखवला, पुढच्यातले शब्द कसे हुडकायचे ते शिकवलं. कोकिळा बापाच्या खांद्यावरून बघत होती. तिनं विचारलं, पाण्याला काय म्हणतात. मी सांगितलं, वॉटर. तिला गंमत वाटली. गाल दुखत असतानाही ती दोन-तीनदा वॉटर, वॉटर म्हणाली आणि मी तिला शाबासकी दिली.

एवढ्यावर थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? पण माल चांगला असला की माझी जीभ आवरत नसे. कोशावर थाप मारून मी म्हणालो की यात जन्मापासून मरणापर्यंत सगळं आहे, काही म्हणून सुटलेलं नाही.

रुखमाबाईनं मान वर केली.

"मंग याच्यात मरणबी असन?"

असणारच, मी म्हणालो. तिनं मला ते दाखवायला लावलं. तिला अक्षरओळख नव्हती. मी पुढच्या अर्ध्यात पान काढलं आणि शब्दावर बोट ठेवलं. तिनं क्षणभर त्या काळ्या ठिपक्यांकडे पाहिलं, आणि मला काही कळायच्या आत ते पान शिवणीपासून ओढून काढलं.

"हे मी लेकरासंगं नेत नाई," ती म्हणाली. "हे इथंच राहू द्या, भाऊ."

पुस्तक फाडलेलं मला सहन होत नाही. पण ते पान मी तिच्या हातातून घेऊन ठेवलं. आमच्याकडे दाराबाहेर पडणारा माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. माझी अम्माही आजारी माणसाच्या उशाशी कोणाला मयताची गोष्ट काढू देत नसे. आजारी लेकरू घेऊन निघालेल्या आईनं तो शब्द गाठोड्यात बांधून न्यावा कसा? मला ते पटलं, आणि त्याच वेळी मला दुसरंही ठाऊक होतं. तोच शब्द मागच्या अर्ध्यात इंग्रजीत होता, आणि त्याच्यापुढे बाळबोधीत त्याचा अर्थ होता. ते मी बोललो नाही.

ते स्टेशनाकडे गेले. मी पान हातात घेऊन बसलो. सहज त्यावर नजर टाकली. त्याच पानावर, मरणाच्या बऱ्याच वर, मदत होतं. मलमही त्याच पानावर होतं. परक्या मुलखात लेकरू घेऊन चाललेल्या माणसाला सगळ्यात आधी लागणारा शब्द माझ्या हातात राहिला होता.

दुकान तसंच टाकून मी पळालो. पन्नाशीचा माणूस, पायातली एक चप्पल बाजारातच गेली, टोपी हातात. लोक विचारत होते, गनीभाई, काय झालं? मला सांगायला दम नव्हता. स्टेशनावर पोचलो तेव्हा गाडी शिटी देत होती. डबे शोधत शोधत मी शेवटच्या खिडकीशी गेलो आणि पान पुढं केलं.

रुखमाबाईनं ते ओळखलं. तिनं पोरीचं तोंड पदराखाली घेतलं आणि स्वतः भिंतीकडे वळली. पुंजाजीनं हात पुढं केला होता, तोही मागं घेतला.

मग मी ओरडून सांगितलं, "मदत म्हंजे हेल्प. पाठ करा. हेल्प." गाडी हलली. पुंजाजी खिडकीतून माझ्याकडे बघत हेल्प, हेल्प, हेल्प असं पुटपुटत गेला. मी गाडीबरोबर चालत होतो. तेवढ्यात सांगता आलं असतं की माय, मागच्या अर्ध्यातही तो शब्द आहे, तिथलंही पान काढ. तोंड उघडलंही होतं. पण मनात आलं, आता तिला कशाला घाबरवायचं. आणि खरं सांगायचं तर मनात हेही आलं की कोशाची आणखी पानं फाटतील. फलाट संपला आणि मी थांबलो.

ते पान जाळवेना. बांधणीवाल्याच्या घरचा रिवाज असा की सुटलेलं पान कधी टाकायचं नाही, पुस्तक परत आलं की जागच्या जागी लावायचं. मी मनाशी ठरवलं, कोकिळा परत येईल, तिच्या देखत खळ लावून ते पान चिकटवीन, आणि तिच्याकडून आणखी दहा शब्द म्हणवून घेईन. दर नमाजाला मी त्या पोरीसाठी हात पसरले. माझ्या स्वतःच्या लेकरांसाठी मी इतकं मागितलं नव्हतं. गिऱ्हाइकं येत, पातळ कोश मागत, मी मुकाट्यानं देत होतो. कोणाला अडाणी म्हणायची माझी छाती होत नव्हती.

सव्वा महिना झाला. एका दुपारी रुखमाबाई दुकानात आली. पुंजाजी बाहेर पायरीवर बसला, पाठ माझ्याकडे करून. त्याचा खांदा रिकामा होता.

मला काही विचारावं लागलं नाही. तिनं कोश माझ्यापुढे ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगितलं. प्रवास नीट झाला होता. पुंजाजी हेल्प म्हणे आणि कोणी ना कोणी त्यांना बरोबर गाडीत बसवून देई. तिथली माणसं चांगली होती. दहा सुया झाल्या आणि पोरीला ताप आला. घसा कोरडा पडला, म्हणून ती नर्सबाईला वॉटर, वॉटर म्हणायची. नर्सबाईला शब्द समजायचा, ती धावत पेला आणायची. पेला पाहिला की पोरीच्या गळ्याला पीळ पडायचा. पुन्हा मागायची, पुन्हा तेच. दोन दिवस असं चाललं.

मी तो शब्द तिला शिकवला होता.

"सकाळी सायब आला," रुखमाबाई म्हणाली. "त्यानं आमचाच कोश घेतला, मांगून उघडला अन् एका जागी बोट ठेवलं. ह्यायनं वाचलं. मी म्हटलं, तुमाले बराबर वाचता येत नाई. ते तं मी खामगावले ठेवून आली."

रस्त्यावरून सरकीच्या गाड्या चालल्या होत्या. त्या पुढं गेल्यावर तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"मांगच्या बाजूनंबी होतं. तुमाले माहीत होतं, भाऊ?"

खोटं बोलता आलं असतं. तिनं ते मानलं असतं.

"हाव," मी म्हणालो.

ती रडली नाही, मला शिव्याही दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिनं कोश उघडला, चाचपत चाचपत फाटलेली जागा शोधली आणि तिथं बोट ठेवलं.

"ते पान लावून द्या. आता कोनासाठी बाहेर ठेवू?"

मी खणातून पान काढलं आणि खळ कालवली. पान दोनदा तिरकं बसलं. तिसऱ्यांदा रुखमाबाईनंच ते सरळ धरलं, आणि मी चिकटवलं.