पट्टा सैल हवा

विंडसर्फिंगमध्ये माणूस पडतो, यात नवल काही नाही. पडताना पाय फळीवरच्या पट्ट्यातून सुटला पाहिजे, खरी गोम तिथे आहे. प्रशिक्षक शौनक सर हे इतक्या वेळा सांगत की भाट्याच्या पुळणीवरच्या खेकड्यांनाही पाठ झालं असेल. डोक्यावर हेल्मेट, आधी अंग मोकळं करणं, आणि पट्टा सैल.

सरांकडे शिकणाऱ्या ऋजुताच्या वडिलांना, चारुदत्तांना, हे शेवटचं काही पटत नसे. त्यांचं लहानपण गुहागरच्या वाडीत पोफळी चढण्यात गेलेलं. पोफळीवर चढताना पायांत दोराचं कडं घालतात; ते ढिलं राहिलं की माणूस खाली. म्हणून २००३च्या निवड स्पर्धेच्या सकाळी त्यांनी लेकीच्या काळजीपोटी दोन्ही पट्टे चांगले आवळून दिले. ऋजुताला ते घट्ट लागत होते. बाबांनी एवढ्या मायेने केलंय तर कशाला बोला, म्हणून ती गप्प बसली. भर वाऱ्यात शीड आडवं झालं, ती पाण्यात पडली आणि पट्ट्यात अडकलेला डावा पाय फळीबरोबर पिळला गेला.

हाड सांधलं. नस दुखावली ती दुखावलीच. चवडा आणि बोटं बधिर राहिली. घरात पट्ट्यांचा विषय कोणीच काढला नाही. हळूहळू ऋजुताला रागही येईनासा झाला आणि रडूही. आईने वाढलं की ती जेवायची, कोणी विचारलं की "बरी आहे" म्हणायची. पुढच्या वर्षीच्या निवडीत उतरायचं, एवढंच काय ते तिला अजून हवंसं वाटत होतं. त्यामुळे पायात जाणीव आली का, असं सरांनी विचारलं तेव्हा ती बेधडक "आली" म्हणाली.

त्या स्पर्धेच्या सकाळी पुळणीवरून जाताना तिची डावी चप्पल वाळूत निसटली. ती तशीच चालत राहिली. मागून येणाऱ्या चारुदत्तांनी चप्पल उचलली आणि हातात धरून ते तिच्या मागोमाग चालू लागले.

पाण्याच्या कडेला ते फळीपाशी गुडघे टेकून बसले.

"पाय घाल गो. पट्टा बघतो."

ऋजुताने डावा पाय घातला आणि वारा कुठून येतोय ते पाहत समुद्राकडे तोंड करून उभी राहिली.

"घट्ट नाही ना होत?"

"नाही बाबा. सैल आहे. असाच राहू द्या."

बाबा अजून उठले नाहीत, म्हणून तिने खाली पाहिलं. पट्टा गेल्या वर्षीपेक्षाही करकचून आवळलेला होता. तिची बोटं पांढरी पडली होती, आणि बाबा पट्ट्यावर हात ठेवून तिच्या तोंडाकडे बघत होते.

"घरी जाऊ गो," ते म्हणाले.

तिला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. बाबांनी पट्टा सोडला, पायाची वाळू पुसली आणि स्वतःच्या हाताने चप्पल घातली. ती पायात नीट बसली की नाही, हे कळायला ऋजुताला वाकून बघावं लागलं.