मिटल्या डोळ्यांचा फोटो

या, पुढे सरकून बसा. दाराशी कशाला, इथे जागा आहे. ज्याला कमी ऐकू येतं त्यानं माझ्या जवळ यावं, आणि ज्याला झोप येते त्यानं खुशाल भिंतीला टेकावं. गोष्ट रंगली तर तो जागा होईल, नाही रंगली तर त्याची झोप तरी चांगली होईल. आज देवाची गोष्ट नाही, माणसाची आहे. पण माणसाची गोष्ट मनापासून सांगितली की देव काही फार लांब राहत नाही. तोही मागच्या रांगेत येऊन बसतो आणि हळूच ताल धरतो.

तर मंडळी, एक फोटोवाली होती. बाजारपेठेच्या वळणावर तिचा स्टुडिओ. आजोबांनी थाटलेला, वडिलांनी सांभाळलेला आणि शेवटी हिच्या गळ्यात पडलेला. लहानथोर सगळे तिला फोटोताई म्हणत. बहीण अकाली गेली, तिचा मुलगा हिनंच वाढवला. डार्करूमच्या लाल दिव्याखाली टोपलीत निजवून, एक डोळा फोटोवर आणि एक पोरावर ठेवून वाढवला. गिऱ्हाईक समोर बसलं की ती म्हणायची, "हनुवटी खाली, मन वर!" आणि गिऱ्हाईक हसलं की खटका दाबायची.

आता हिच्या आजोबांचं ऐका. शंभर वर्षांमागे ते मोठं महायुद्ध पेटलं, तेव्हा गावातली जवान पोरं निघाली. निघण्याआधी जो तो स्टुडिओत यायचा. आईला काहीतरी ठेवून जायला हवं ना! पण वर्दी मिळायची ती पुढे छावणीत गेल्यावर. मग आजोबांनी काय करावं? कुठूनसा एक लष्करी कोट आणला आणि तोच सगळ्यांना घातला. बारक्याला ढगळ व्हायचा, तेव्हा मागून टाचण्या. जाड्याला पुरायचा नाही, तेव्हा मागची शिवण उसवलेलीच. समोरून पाहावं तर सरदार, मागून पाहावं तर साळिंदर! त्या कोटाचं वरून दुसरं बटण लोंबत असे. आजोबांनी ते कधी शिवलं नाही, आणि म्हणून गावातल्या प्रत्येक शिपायाच्या फोटोत ते लोंबतंच आहे. कोट एकच, बटण एकच. वेगळा काय तो चेहरा.

तेव्हा फोटो आधी काचेवर उतरायचा आणि मग कागदावर; त्या काचा पुढे टंचाईत पुसल्या गेल्या, खिडक्यांना लागल्या. उरले ते घराघरांतले कागद.

तर शंभर वर्षं भरत आली आणि नगरपालिकेनं स्मरणसोहळ्याची समिती नेमली. चिटणीस कोण? आपल्या फोटोताईचा भाचा. पोरगा हुशार, बोलका, सगळ्यांचा लाडका. पहिल्याच बैठकीत कोणी म्हणालं आतषबाजी करू, कोणी म्हणालं धावण्याची शर्यत ठेवू. फोटोताई मागच्या बाकावरून उठली.

"ज्यांनी कान फुटेस्तोवर धडाके ऐकले, त्यांच्या नावानं पुन्हा धडाकेच वाजवायचे का रे? त्यांची तोंडं दाखवा. रस्त्याच्या प्रत्येक खांबावर एक. जो ज्या गल्लीतून गेला, तो त्या गल्लीत. गेलेलेही, आणि परत येऊन मुकाट जगलेलेही. लोकांनी दूध आणायला जाताना त्यांच्याकडे बघावं, एवढंच."

मग भाचा उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी म्हणते तसंच." टाळ्या पडल्या. त्या दिवशी फोटोताई घरी चालत गेली की तरंगत, तिचं तिलाच ठाऊक.

पण फोटो कोण गोळा करणार? तीच. दारोदार फिरली. बेकरीवालीनं तर उंबऱ्यावरच अडवलं. "भांडण कोणाचं, गेलं कोण! आमच्या काकांची आठवण आत्ता आली होय गावाला?"

"आत्ता आली, चुकलंच," फोटोताई म्हणाली. "म्हणून मी समितीच्या नावानं नाही मागत. माझ्या शब्दावर द्या. तुमचा माणूस तुमच्या गल्लीत दिसेल."

तिच्या शब्दावर लोकांनी फ्रेमा उतरवल्या. भिंतींवर चौकोनी पांढरे डाग राहिले.

सगळ्यात शेवटी ती गेली पाण्याच्या टाकीमागच्या आजीकडे. आजीची नजर जवळजवळ गेलेली, जीभ मात्र शाबूत. आजीचे वडील युद्धावरून परत आले होते. आले आणि नळ दुरुस्त करू लागले. सगळे त्यांना नळकाका म्हणायचे. ज्या घरचा मुलगा परतला नाही, त्या घरचा नळ ते न बोलावता येऊन बघायचे. गळत नसला तरी बघायचे. युद्धाबद्दल त्यांना कोणी विचारलं नाही, आणि त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

आजीनं उशीखालून फोटो काढला. फोटोताईनं पाहिला आणि तिला हसू आलं. कोट तोच, बटण तेच, पण नळकाकांचे डोळे घट्ट मिटलेले!

"तुझ्या आजोबांची करणी," आजी म्हणाली. "उजेडासाठी भुकटी पेटवली ती भपकन. बाबा दचकले. दुसरा काढायला वेळ कुठला, गाडी शिटी देत होती. पण बाबा म्हणायचे, त्या फोटोनंच मला वाचवलं. तिकडे मरण माणसं शोधत यायचं, मला पाहायचं आणि म्हणायचं, याचे डोळे मिटलेत, हा आधीच गेलेला दिसतो. आणि पुढे जायचं!"

दोघी पोट धरून हसल्या. मग आजीनं विचारलं, "कुठे लावणार?"

"तुमच्याच टाकीजवळच्या खांबावर. तुमचा हात पोचेल इतक्या उंचीवर."

"हात पोचून काय करू? कागदाला का नाक-डोळे लागतात हाताला?"

"मग वर लावू?"

"नाही गं पोरी, खालीच लाव. मी त्यांच्या गालावर हात ठेवून उभी राहीन. येणारा-जाणारा विचारेल, म्हातारे, हा कोण? जन्मभर कोणी विचारलं नाही बघ. एकदा विचारू दे. मग मी सांगेन."

फोटोताईनं आजीचा हात हातात घेऊन शब्द दिला. मंडळी, शब्द द्यायला काय लागतं? श्वास लागतो. पाळायला मात्र दुसऱ्यांवर विसंबावं लागतं, आणि ती विसंबली होती आपल्याच पोरावर.

फोटोंची पेटी भाच्याकडे गेली. मोठ्या शहरातून एक सजावटकार येणार होता म्हणे. थंडी सरली. फोटोताई विचारायची, "खांबांचं कुठवर आलं रे?" भाचा म्हणायचा, "होतंय मावशी. तू फक्त त्या दिवशी नवे कपडे घाल." ती विचारायची, "आजीचा फोटो खाली लावायचा, लक्षात आहे ना?" तो म्हणायचा, "तू जेवलीस का?" आता हे तुम्हाआम्हाला खटकलं असतं. तिला नाही खटकलं. ज्याच्या तोंडात आपण घास घातला, त्याच्या तोंडातलं उत्तर माणूस पारखून घेत नाही.

सोहळ्याचा दिवस उजाडला. स्वच्छ ऊन. आजीनं ठेवणीतली शाल काढली, फोटोताईच्या दंडाला धरून निघाली. टाकीजवळ आल्यावर म्हणाली, "आला का आपला खांब?"

खांब आला होता. खांबावर काही नव्हतं. पुढच्या खांबावर नव्हतं, त्याच्या पुढच्यावरही नव्हतं.

"आधी चौकात बोलावलंय आजी," फोटोताई म्हणाली.

चौकात ही गर्दी! नगरपालिकेच्या इमारतीवर छतापासून जमिनीपर्यंत पडदा. भाषणं झाली, बिगुल वाजला, पडदा सरसर खाली आला. आणि अख्ख्या भिंतीएवढा एक चेहरा दिसला. तरणाबांड, रेखीव जबडा, डोळे टक्क उघडे, नजर कुठेतरी लांब. लोकांनी आ वासला, मग टाळ्यांचा पाऊस पडला.

"हा कोणाचा गं?" बेकरीवालीनं विचारलं.

फोटोताई आजीला घेऊन भिंतीजवळ गेली, अगदी जवळ, आणि मग तिला दिसलं. तो चेहरा म्हणजे एकेक नखाएवढा चौकोन चिकटवून केलेला होता आणि प्रत्येक चौकोनात एक शिपाई. तेच तेच चेहरे, शेकडो वेळा, हिंग टाकावं तसे भुरभुरलेले. जे फोटो काळवंडले होते ते मोठ्या चेहऱ्याच्या केसांत गेले होते, जे विटले होते ते गालांवर. लोंबतं बटण इतकं बारीक झालं होतं की ज्याला ठाऊक त्यालाच कळावं.

मागून लोक येऊ लागले. "आमचे काका कुठेत?" बेकरीवाली भिंत धुंडाळत होती. समितीतला कोणी म्हणाला, "बहुतेक भुवईत." दुसरा म्हणाला, "नाकपुडीतही असतील." बेकरीवाली वळली आणि फोटोताईकडे नुसती पाहत राहिली. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

तेवढ्यात भाचा आला, घामाघूम, आनंदात. "मावशी, कसं वाटलं? लांबून बघ, लांबून बघायचं असतं हे."

"खांबांचं काय झालं?"

"समितीला हे जास्त भव्य वाटलं. सगळे मिळून एक होतात, ही कल्पना—"

"आणि नळकाका कुठे आहेत?"

भाचा घुटमळला. "ते नाहीत, मावशी. चौकोन संगणकानं निवडले. डोळे मिटलेले असले तर तो त्याला चेहराच मानत नाही. आपोआप वगळतो."

"तुला हे कधी कळलं?"

"थंडीतच."

"आणि मला?"

"सांगणार होतो गं. पण तू इतकी खूश होतीस..." मग त्यानं आवाज खाली आणला आणि मावशीच्या कानाशी म्हणाला, "आजीचा हात ठेव ना कुठेही. खालच्या बाजूला ठेव. तिला कुठे दिसतंय?"

मंडळी, इथे क्षणभर थांबा. फोटोताईही थांबली. आजीचा हात तिच्याच हातात होता, सुरकुतलेला, गरम, पुढे व्हायला आतुर. कुठल्याही चौकोनावर तो टेकवला असता तर म्हातारी धन्य झाली असती, भाचा सुटला असता, दिलेला शब्द वरवर का होईना पाळला गेला असता. एक तसूभर हात सरकवायचा, बस.

"पोचलो का गं?" आजीनं विचारलं. "खाली लावलाय ना?"

"आजी," फोटोताई म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला, "तुमचे बाबा इथे नाहीत. कुणाचेच कोणी नाही. मला फसवलं, आणि मी तुम्हाला."

आजीचा हात हवेत राहिला. "मग लोक टाळ्या कशाला वाजवतायत?"

"एक मोठा चेहरा आहे. भिंतभर."

"कोणाचा?"

फोटोताईनं भाच्याकडे पाहिलं. "सांग. कोणाचा?"

"कोणाचाच नाही," भाचा पुटपुटला. "संगणकानं बनवलाय. तो सगळ्यांचं प्रतीक आहे."

आजीनं हवेतला हात मागे घेतला. मग म्हणाली, "म्हणजे कोणीच नाही, त्याच्यासमोर मला ठेवणीतली शाल पांघरून उभं केलंत?"

भाच्याची मान खाली गेली. फोटोताई त्याला म्हणाली, मोठ्यानं नाही, रागानंही नाही, "अरे, कोट सगळ्यांचा एकच होता. टाचण्या लावून घातलेला, दुसऱ्याचा. त्या पोरांकडे स्वतःचं असं तोंड तेवढं होतं. तेच घेतलंस रे तू."

आणि ती आजीला घेऊन गर्दीतून मागे फिरली. लांबून चेहरा खरंच छान दिसत होता, म्हणून कोणी वाट देताना तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी भाचा पेटी घेऊन स्टुडिओत आला. "लोकांना आवडलंय मावशी. पेपरात मोठा फोटो आलाय."

"ठेव तिथे," ती म्हणाली. समोर एक गिऱ्हाईक बसलं होतं. "हनुवटी खाली," ती त्याला म्हणाली आणि खटका दाबला. पुढचं म्हणाली नाही. भाचा थोडा वेळ दारात उभा राहिला. लहानपणापासून ते दोन शब्द ऐकत आलेला तो. ते आले नाहीत हे त्याला बरोबर कळलं. मग तो गेला.

फोटोताई पुन्हा दारोदार फिरली. या वेळी द्यायला. बेकरीवालीनं काकांना घेतलं, पदराच्या टोकानं काच पुसली आणि दार लावून घेतलं. जोरात नाही, हळूच. कुठे चहा विचारला गेला, कुठे नाही. भिंतींवरचे पांढरे चौकोन पुन्हा भरले.

आजीकडे ती शेवटी गेली. फोटो हातात देत म्हणाली, "आजी, मी तुमच्या बाबांना माझ्या दुकानाच्या काचेत लावते. मोठा करून, खाली, हात पोचेल असा. तिथे मला कोणाची परवानगी लागत नाही."

आजीनं फोटोवरून अंगठा फिरवला. जिथे डोळे मिटलेत, बरोबर तिथे थांबला.

"तू खरं बोललीस, त्याबद्दल देव तुझं भलं करो," आजी म्हणाली. "पण आता नको गं पोरी. एकदा उशीखालून काढला, तेवढं पुरे. घरीच बरे आहेत ते."

आणि तिनं फोटो होता तिथे ठेवला.

फोटोताईच्या दुकानाच्या काचेत अजून एक जागा रिकामी आहे. ती तिथे काही लावत नाही. पुढच्या हिवाळ्यात आजी गेली. फोटो तिच्याबरोबर गेला की कोणा नातलगाकडे, ठाऊक नाही. भिंतीवरचा तो मोठा चेहरा उन्हापावसानं फिकटला आणि एके दिवशी उतरवला गेला.

म्हणून मंडळी, उठण्याआधी माझं एक मागणं आहे. नळकाकांचा फोटो आता कुठेच दिसत नाही, ना खांबावर, ना भिंतीवर, ना काचेत. म्हातारीला आयुष्यभर एकच प्रश्न ऐकायचा होता आणि तो कोणी विचारला नाही. तुम्ही घरी जाल, हातपाय धुवायला नळ सोडाल, तेव्हा तेवढ्यापुरते डोळे मिटा आणि मनात विचारा, म्हातारे, हा कोण? ती सांगेल. आणि त्यांना विसरू नका.