आगाशे सर उभे राहतात

बाळ आगाशे हे मराठीचे निवृत्त शिक्षक. न्यूमोनिया होऊन ते अतिदक्षता विभागात आले, तेव्हा स्ट्रेचर ढकलणाऱ्यालाही त्यांनी सुनावलं होतं, "सावकाश. मला अजून जायचं नाहीये." मग व्हेंटिलेटर लागला, गळ्यात नळी बसली आणि आवाज गेला. नातेवाइकांना वाईट वाटलं. शेजाऱ्यांनाही वाटलं, जरा कमी.

ताप उतरला, पण अंगात काही उरलं नव्हतं. एका सकाळी फिजिओथेरपिस्ट तनुजा आली. मूळची यवतमाळची, आता धायरीत राहणारी.

"काका, आज उभं राहायचं."

"अहो, माणूस आत्ता कुठे वाचतोय," आगाशेंच्या पत्नी आनंदीबाई म्हणाल्या. "नळ्या लावलेल्याला उभं करतात का कुणी?"

"काकू, झोपूनच स्नायू गळून राहिले त्यांचे. उभं केलं की छातीही मोकळी होते. डॉक्टरांनी हो म्हटलंय."

'गळून राहिले' ऐकून आगाशेंच्या कपाळावर आठी पडली. दुरुस्त करायला आवाज नव्हता.

त्यांना एका अरुंद पलंगावर घेतलं. गुडघे, कंबर, छातीवर पट्टे आवळले. तनुजाने बटण दाबलं आणि पलंग डोक्याकडून उचलला जाऊ लागला. अर्ध्यावर त्यांना घेरी आली, रक्तदाब उतरला, मॉनिटर ओरडू लागला. तिने लगेच पलंग खाली घेतला.

"मी सांगत होते," आनंदीबाई म्हणाल्या.

आगाशेंच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसून, एसीमुळे असेल, असं त्यांनी एसीकडे बोट दाखवून नर्सला खुणेनेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तनुजाला नकार द्यायला आनंदीबाई तयारच होत्या. पण आगाशेंनी पलंगाच्या दांडीवर बोट आपटलं आणि वर दाखवलं.

"वर म्हणजे नक्की कुठे, ते विचारून घ्या," आनंदीबाई म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

या वेळी तनुजा थांबत थांबत पलंग चढवत गेली. शेवटी आगाशे जवळजवळ सरळ उभे राहिले. तळव्यांवर भार आला, मुंग्या आल्या. इतके दिवस त्यांनी माणसांच्या फक्त हनुवट्या आणि नाकपुड्या पाहिल्या होत्या. आता आनंदीबाई खाली होत्या. भांगाजवळचे केस पांढरे झाले होते, गालफडं बसली होती. ते बराच वेळ पाहत राहिले. मग ओठ हलले.

"काय म्हणतात?" तनुजाने विचारलं.

"तू जेवतेस का, म्हणतात," आनंदीबाई म्हणाल्या. "संसारात पहिल्यांदाच विचारलंय. डोक्याला रक्त नीट पोचतंय ना, बघा बरं."

तनुजाने मॉनिटर पाहिला. "पोचतंय, काकू."

त्या दुपारी आनंदीबाई कॅन्टीनमध्ये जाऊन पोटभर जेवल्या.

पुढे पलंग रोज उभा होत राहिला. मग त्याची गरज संपली, वॉकर आला, नळीही निघाली. घरी जाताना आगाशेंनी व्हीलचेअर नाकारली आणि ते वॉकर धरून लिफ्टपर्यंत चालत गेले. वाटेत दोनदा भिंतीला टेकले. रिकामी व्हीलचेअर मागून येतच होती.

लिफ्ट बंद होती.

"आता बसतो," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.