आधी सत्कार

बिल्किसला सत्कार या प्रकाराचा मनापासून तिटकारा होता. कॉलेजात इतिहास शिकवायला लागल्यापासून तिने इतक्या खांद्यांवर शाली पडताना पाहिल्या होत्या की त्यांची मोजदाद नव्हती, आणि त्या शालीखालचा माणूस काय बोलला हे तिला एकदाही आठवत नव्हतं. तरीही जे घडलं ते तिच्याच हाताने घडलं. म्हणून तर तिचा जळफळाट जास्त झाला.

विद्यापीठात आफ्रिका अभ्यासाचा विभाग आहे. दरवर्षी तिथे जाहीर व्याख्यानं होतात. आफ्रिकेतली कला, तिथलं राजकारण, तिथली माणसं यांवर बोलायला दूरदूरचे पाहुणे येतात आणि मुंबईतली तीच ती मंडळी त्याच त्या खुर्च्यांवर बसून ऐकतात. यातलं एक तरी व्याख्यान आमच्या किनाऱ्यावर करा म्हणून बिल्किस विभागाच्या मागे हात धुऊन लागली होती. इथून गलबतं त्या किनाऱ्याला जात होती, तिथली माणसं इथे येऊन राज्य करून गेली, त्यांचा किल्ला रोज डोळ्यांसमोर पाण्यात उभा आहे, आणि आमच्या पोरांना आफ्रिका म्हटलं की सिंह आठवतो, असं ती प्रत्येक बैठकीत सांगायची. अखेर विभागाने होकार दिला. तिच्या पाठपुराव्याला कंटाळून दिला असावा, पण दिला.

पाहुण्या होत्या डॉ. म्वानाइशा. टांझानियातल्या विद्यापीठात शिकवणाऱ्या, जन्माने तिथल्याच एका मासेमार गावातल्या. त्यांचा विषय होता खांगा. खांगा म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ते रंगीत छापील कापड. त्याच्या काठाजवळ एक ओळ छापलेली असते. तोंडाने बोलता येत नाही ते बाई कापडाच्या त्या ओळीतून बोलते, नवऱ्याला, सवतीला, शेजारणीला, आणि वेळ आली तर सरकारलाही. म्वानाइशांच्या गावासमोर मोठं बंदर व्हायचं होतं. मंत्र्यांची सभा ठरली, तेव्हा गावातल्या कोळणींनी एकच ओळ छापलेले खांगे गुंडाळले आणि पहिल्या रांगांत जाऊन गप्प बसल्या. पुढे काय झालं, ते त्या व्याख्यानात सांगणार होत्या.

विभागाने पाठवलेल्या टिपणात हे वाचलं आणि बिल्किसला केसरमावशी आठवली. केसर तिच्या दारावर वर्षानुवर्षं मासळी घेऊन यायची. राहायची खाडीपलीकडे, करंजवाडीत. म्हणजे आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरायचं आणि पुढे एस.टी. करंजवाडीसमोर आता कोळसा उतरवायचा धक्का होणार होता आणि त्याची जनसुनावणी तोंडावर आली होती. जिथे होड्या लागतात आणि जिथे मासळी वाळते, नेमकी तीच जागा जाणार होती. आधीच्या एका बैठकीला केसर गेली होती आणि तोंड न उघडता परत आली होती. साहेबांच्या समोर आपली जीभच उचलत नाही, असं तिने टोपली उतरवता उतरवता सांगितलं होतं.

बिल्किसने तिला व्याख्यानाचं सांगितलं. केसरने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की ती बाई आपल्यासारखी आहे की शिकलेली. दोन्ही आहे, असं बिल्किस म्हणाली. केसरने टोपलीतले बोंबील सारखे केले. ऊन चांगलं पडत होतं, एक दिवस वाळवण सोडून सगळ्या बायकांना आणायचं म्हणजे गंमत नव्हती.

"आमी येताव," ती म्हणाली. "पन बोलनं ऐकाया येताव, बाय. फोटूला न्हाय."

बिल्किसने शब्द दिला.

कॉलेजात तयारी सुरू झाली आणि पहिलं भांडण नाचावरून झालं. सांस्कृतिक विभागाच्या सुचिता मॅडमनी मुलींकडून आफ्रिकन नृत्य बसवायला घेतलं होतं. कमरेला झाडाचा पाला, तोंडाला काजळी आणि ढोल. आफ्रिका म्हणजे नाच हवाच, नाहीतर लोक बसतील कशाला, असं प्राचार्यांचंही मत पडलं. पाहुणीच्या समोर आपल्या मुली तोंड काळं करून नाचणार, या कल्पनेनेच बिल्किसचं डोकं फिरलं. हा नाच होणार असेल तर आपण पाहुणीला येऊ नका म्हणून कळवू, असं तिने बैठकीत सांगून टाकलं. सुचिता मॅडम रुसल्या, पण नाच रद्द झाला. लढाई जिंकली या समजुतीत बिल्किसने त्याच बैठकीत, त्याच दमात, ती चूक केली.

ती म्हणाली, खाडीपलीकडून बायका दिवसाचा धंदा सोडून येतायत. त्यांना मागच्या बाकांवर बसवायचं आणि पुढे आपण मिरवायचं, हे बरं दिसत नाही. केसरमावशीला व्यासपीठावर बसवू आणि पाहुणीच्या हातून तिचा सत्कार करू.

तिला त्यात न्याय दिसत होता. जी शाल इतकी वर्षं नको त्या खांद्यांवर पडली, ती एकदा तरी योग्य खांद्यावर पडावी. प्राचार्यांनी लगेच मान डोलावली आणि शिपायाला चहा आणायला पाठवलं. एरवी प्राचार्य कशालाच लगेच मान डोलावत नाहीत, हे तिच्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

केसरचा सत्कार म्हटल्यावर मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनना वगळून कसं चालेल? चेअरमन आले म्हणून माजी सरपंच आले. सरपंच आले म्हणून श्रीवर्धनचे ते सुपारीचे बागायतदार आले, ज्यांनी कॉलेजला पंखे दिले होते. बिल्किस प्रत्येक नावाला विरोध करत होती, आणि प्रत्येक वेळी प्राचार्य शांतपणे म्हणत होते की मॅडम, सुरुवात तुम्हीच केलीत. शेवटचा घाव घरातूनच बसला. तिचे सख्खे मामा, वलीमामू, गावच्या मुस्लिम जमातीचे अध्यक्ष. त्यांचा फोन आला. आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, की बेटा, सगळ्या गावाला शाल आहे आणि जमातीला साधी खुर्चीसुद्धा नाही, हे लोकांना काय सांगायचं? मामूंचं नाव तिने स्वतःच्या हाताने घातलं.

कार्यक्रमाच्या दिवशी बायका वेळेच्या आधी हजर. नव्या साड्या, डोक्यात अबोलीचे वळेसर, गळ्यात असेल नसेल ते सोनं. पहिल्या दोन रांगा त्यांनी भरून टाकल्या. म्वानाइशा आल्या, त्यांनी बायकांकडे बघून हात जोडले आणि सरळ त्यांच्यातच जाऊन बसायला निघाल्या. त्यांना हाताला धरून व्यासपीठावर आणावं लागलं.

मग दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. प्रास्ताविक झालं, त्यात प्राचार्यांनी कॉलेजची स्थापना कशी झाली ते सांगितलं, जे ऐकायला कुणीही आलं नव्हतं. मग सत्कार सुरू झाले. सूत्रसंचालन करणारा कुलदीप नावाचा प्राध्यापक प्रत्येक नावाआधी चार ओळी शेरोशायरी म्हणत होता. पहिला सत्कार केसरचा. म्वानाइशांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, फोटो निघाले, आणि केसर त्या उकाड्यात लोकरीची शाल पांघरून, मांडीवर नारळ धरून खुर्चीत बसली. तिला बोलायला कुणी सांगितलं नाही. बाकी प्रत्येकाला मात्र दोन शब्द बोलायची विनंती झाली.

दोन शब्द! माजी सरपंचांनी आपल्या काळात झालेल्या रस्त्यांची नावं घेतली. चेअरमननी डिझेलच्या परताव्यावरून सरकारला धारेवर धरलं. बागायतदारांनी सुपारीवरचा रोग सांगितला आणि पंख्यांकडे दोनदा बोट दाखवलं. बायकांना चारची बोट गाठायची होती, नाहीतर दिघीहून वाडीला जाणारी एस.टी. चुकली असती. बिल्किसने कुलदीपला खुणा केल्या, तो हसला आणि त्याने आणखी एक शेर म्हटला. तेव्हा ती मागच्या बाजूने व्यासपीठावर चढली आणि प्राचार्यांच्या कानाशी लागून बोटीचं सांगितलं.

"मान्यवरांना मध्येच थांबवता येतं का, मॅडम?" ते समोर बघत, हसरा चेहरा तसाच ठेवून म्हणाले. "आणि आता तर तुमचे मामाच आहेत."

वलीमामू उभे राहिले. आजोबांच्या गलबतापासून त्यांनी सुरुवात केली. हेच गलबत बिल्किसने लहानपणी हजारदा ऐकलं होतं आणि तिला ते आवडायचंही. त्या दिवशी ते गलबत बुडावं असं तिला वाटलं. मामू झांझिबारच्या वाटेवर मध्यावर असतील, तेव्हा केसर उठली. तिने शाल काढून नीट घडी घातली, नारळासकट पिशवीत टाकली आणि पायऱ्या उतरून खाली आली. पहिल्या दोन रांगा तिच्यामागे उभ्या राहिल्या. मामू थांबले नाहीत.

बिल्किसने त्यांना दारात गाठलं. थोडं थांबा, आता पाहुणीचंच भाषण आहे, मी पुढच्या बोटीची काहीतरी सोय करते, असं काहीबाही ती बोलत सुटली.

केसरने तिच्या दंडावर हात ठेवला. रागाचं काही नव्हतं तिच्या तोंडावर, आणि तेच बिल्किसला सोसवेना.

"शाल बरी हाय," केसर म्हणाली, आणि बायकांना घेऊन निघून गेली.

म्वानाइशांच्या वाट्याला उरलेला वेळ आला, म्हणजे चहाच्या आधीचा. मान्यवर तोवर एकेक करून निघाले होते, कारण प्रत्येकाला पुढे कार्यक्रम होता. म्वानाइशांनी पिवळा-काळा खांगा काढून दोन्ही हातांनी उलगडून धरला. त्या इंग्रजीत बोलत होत्या आणि बिल्किस मराठीत सांगत होती. काठावरच्या ओळीचा अर्थ होता, आम्हाला विचारलंत का? मंत्री भाषणाला उभे राहिले, म्वानाइशा म्हणाल्या, आणि त्यांच्या समोर पहिल्या रांगेपासून फक्त बायका बसल्या होत्या. बिल्किसने ते मराठीत सांगायला तोंड उघडलं. समोर पहिल्या रांगेपासून फक्त खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर अबोलीचा तुटलेला वळेसर पडला होता. मंत्र्यांना भाषण आवरतं घ्यावं लागलं आणि बायकांना आधी विचारावं लागलं, ही गोष्ट तिने कशीबशी पुरी केली, तेव्हा मागच्या बाकांवरची पोरं फराळाचे डबे उघडत होती.

विद्यापीठाकडून दुसऱ्या दिवशी अभिनंदन आलं. स्थानिक सहभाग उत्तम. सोबत फोटो होता, शाल पांघरलेल्या केसरचा.

त्यानंतर केसर दारावर आली नाही. फोन उचलला नाही. बिल्किस घरात ज्याच्या-त्याच्यावर खेकसत होती. नवरा मुआज म्हणाला, जाऊ दे ना, कार्यक्रम तर झाला, आणि त्यावर तिने त्याला असं काही सुनावलं की तो दोन दिवस दुकानातच जेवला. म्वानाइशा जाताना तो पिवळा-काळा खांगा ठेवून गेल्या होत्या, त्या केसरला दे म्हणून. तो कपाटात दिसला की तिचा संताप पुन्हा उसळायचा, प्राचार्यांवर, मामूंवर, आणि मग फिरून स्वतःवर.

जनसुनावणीच्या दिवशी तिने रजा टाकली, खांगा पिशवीत घातला आणि सकाळची बोट धरली. सुनावणी सुरू व्हायच्या आधी केसरला गाठायचं, ओळीचा अर्थ सांगायचा, त्या बायकांनी काय केलं ते सांगायचं. पण एस.टी. वाटेत बिघडली आणि ती मांडवात पोचली तेव्हा माईक सुरू झाला होता. गर्दीतून तिला पुढे सरकता येईना. व्यासपीठावर साहेब होते, कंपनीचे अधिकारी होते, आणि टेबलावर शालींची चळत होती.

निवेदक सांगत होता, की मुख्य विषयाकडे वळण्याआधी गावातल्या ज्येष्ठ व्यक्तींचा सन्मान करू या. पहिलं नाव केसरचं होतं. एकदा हातात नारळ आला की ती काय बोलणार होती? मग चेअरमन, मग सरपंच, मग दोन शब्द, मग जेवण. बिल्किसला सगळा कार्यक्रम पाठ होता. तिनेच तर रचला होता.

केसर व्यासपीठावर चढली. कंपनीच्या अधिकाऱ्याने हसून शाल उलगडली आणि हात पुढे केले. केसरने आपला तळवा मधे धरला. मग ती दोन पावलं बाजूला सरली आणि माईकसमोर उभी राहिली.

"शाल मागनं द्या, साएब," ती म्हणाली. "शाल घेतली का बोलाया मिलत न्हाय. ह्ये मी कॉलेजात शिकून आली हाय."

मांडव हसला. पुढे बसलेल्या वाडीच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यांतल्या दोघीतिघींनी मागे वळून बिल्किसकडे पाहिलं. तिचे कान तापले. त्या अधिकाऱ्याला शालीचं काय करावं कळेना, तो ती तशीच दोन्ही हातांत धरून उभा राहिला, आणि केसर त्याच्याकडे न बघता बोलायला लागली. होड्या कुठे लागतात तिथपासून तिने सुरुवात केली.

बिल्किसने पिशवीची चेन ओढून घेतली. खांगा आतच राहिला. मग मागच्या रांगेत जमिनीवर थोडी जागा दिसली, तिथे ती बसली आणि ऐकू लागली.