शंभर इंचांचं कपाट

"उचला," बाबा म्हणाले, आणि जावयाने दातओठ खात कपाटाचं डोकं उचललं. जमिनीवर आडवं ठेवून जोडलेलं ते कपाट उभं होत होत आलं आणि वरच्या कोपऱ्याने छताला अडलं.

बाबांनी ते परत खाली घ्यायला लावलं. सगळं खोलून पुन्हा उभ्याउभ्या जोडावं लागेल, आज काही व्हायचं नाही, असं ते शांतपणे म्हणाले.

लेक दारातून बघत होती. सकाळी यायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचं, हा बाबांचा शिरस्ता. आई गेल्यापासून ते तिच्याकडे एक रात्रही राहिले नव्हते. तिकडचं रिकामं घर त्यांना खायला उठतं, हे तिला कळत होतं. ते इथे असावेत म्हणून तिचा जीव तुटायचा. पण राहा म्हटलं की कुणाचं तरी सुतारकाम आडवं यायचं. हल्ली तर तिने म्हणणंच सोडलं होतं.

शाळेत गणित शिकवायची सवय. तिचं मन आपसूक हिशेबाला लागलं. कपाटाची उंची शहाण्णव इंच, खोली अठ्ठावीस. म्हणजे कर्ण बरोबर शंभर. आणि छत अठ्ठ्याण्णव.

पायथागोरस पुस्तकात भेटायच्या आधीच बाबांनी तिला हे शिकवलं होतं. भुश्शात बसलेल्या लेकीला ते फळीवर टेप तिरपा धरून दाखवायचे. उभं राहायला लागते त्याहून उठायला जास्त जागा लागते, म्हणायचे. उभ्या आयुष्यात त्यांचं एक कपाट कुठे अडलं नव्हतं. शिवाय छताची उंची त्यांनी आज सकाळीच स्वतःच्या हाताने मोजली होती.

"खालची चौकट तेवढी काढली तर?" जावयाने विचारलं. "चार स्क्रू तर आहेत. पाच मिनिटांत उभं राहील."

टेप गुंडाळणारा बाबांचा हात थांबला.

"नको," लेक म्हणाली. "बाबा म्हणतात तसंच करू. सगळं खोला."

जावयाने खांदे उडवले. ती पेचकस काढायला बाबांच्या पिशवीकडे गेली. रंध्याखाली टॉवेल होता, आणि त्याच्याखाली नीट घडी घातलेला रात्रीचा सदरा आणि पायजमा. तिने रंधा होता तसा वर ठेवला, पेचकस घेतला.

"दोन दिवस तरी लागतील ना, बाबा?"

बाबांनी कपाटाकडे पाहिलं, मग छताकडे.

"तीन," ते म्हणाले.