थंडी कळली का

डॉ. देविकाने चिमट्यातला कापसाचा गारठलेला बोळा केशवरावांच्या पुढच्या दाताला टेकवला आणि विचारलं, “अंकलजी, कुछ लगा?”

केशवरावांनी डोळे मिटले. काहीच लागलं नव्हतं.

वयाबरोबर हा दात आतून आटत जाऊन मेला होता. झाशीच्या या दातांच्या दवाखान्यात म्हाताऱ्यांच्या अशा दातांवर नवा प्रयोग चालला होता. केशवरावांची अक्कलदाढ काढून तिच्या गाभ्यातल्या स्टेम सेल वाढवल्या आणि या दातात सोडल्या. आता दाताला थंडी कळली, तर तो पुन्हा जिवंत झाला म्हणायचं.

रुग्णांच्या पहिल्या तुकडीत केशवराव होते; तिचे निकाल बरे आले तरच दुसरी तुकडी घेणार होते. त्या दुसऱ्या तुकडीत त्यांच्या बायकोचं, चंपाबाईंचं नाव होतं. बरेचसे निकाल नकाराचे आहेत, हे चंपाबाईंनी आधीच्या खेपांना बाहेरच्या बाकावर बसून इतरांकडून काढून घेतलं होतं. सकाळी घरून निघताना त्या हळूच म्हणाल्या होत्या, “हो म्हणा. मला कवळी नको हो.”

“फिर से देखें?” देविकाने दुसरा बोळा घेतला. तिलाही होकार हवा होता, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. खात्रीसाठी तिने तो आधी शेजारच्या दाताला लावला. केशवराव खुर्चीत दचकले. कळ थेट डोळ्यापर्यंत गेली.

“और इसमें?” तिने पुन्हा मेलेल्या दाताला बोळा लावला.

नुसती होकाराची मान हलवायची होती. मग चंपाची चांगली दाढ निघाली असती, आणि तिच्यामागून कुणाकुणाची.

“नहीं बेटा,” ते म्हणाले. “इसमें कुछ नहीं लगा.”

देविकाने हातमोजे काढले.

बाहेर चंपाबाई उठून उभ्या होत्या. केशवरावांचा चेहरा बघूनच त्या समजल्या.

“लागलं नाही, की लागलं म्हणाला नाहीत?”

“लागलं नाही.”

“आणि तसंच सांगितलंत?”

“तुझी चांगली दाढ माझ्या थापेवर कशी काढू देऊ?”

त्या चालू लागल्या. सदर बाजाराच्या तोंडाशी त्यांनी ऑटोला हात केला आणि एकट्याच चढून कडेला बसल्या. केशवराव मागे रेंगाळले. ऑटोवाल्याने गाडी सुरू केली.

“रुको भैया,” चंपाबाई म्हणाल्या आणि आत सरकल्या.