अंगाऱ्यासारख्या पुड्या

कट्ट्यावर जायची वेळ झाली की म्हैस अजून दाराकडं तोंड करून उभी राहायची. शालूबाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "न्हाय गं बाई, आता कुठलं जायाचं."

शालूबाईचा नवरा आकाराम. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर त्याचा जन्म गेला. म्हैस तिथं न्यायची, गिऱ्हाईक समोर उभं, त्याच्यादेखत धार काढायची आणि फेसाळ पेला त्याच्या हातात द्यायचा. गेल्या उन्हाळ्यात त्याच कट्ट्यावर त्याच्या छातीत कळ आली आणि तिथंच सगळं संपलं.

छातीचं दुखणं नवं नव्हतं. डॉक्टरांनी तपकिरी काचेच्या छोट्या बाटलीत बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या होत्या आणि सून क्रांतीला जवळ बसवून सगळं समजावलं होतं. कळ आली की आधी खाली बसायचं, उभ्यानं घेतली तर चक्कर येऊन पडायची भीती. गोळी जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर वाट बघत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा. आकाराम हसून म्हणाला होता, "दुधाबिगर काय गिळायची सवयच न्हाय ओ मला." पण त्यानं ऐकलं. गोळी जिभेखाली चरचरायची, डोकं ठणकायचं आणि छाती मोकळी व्हायची. "चरचरली की समजायचं, लागू पडली," असं तो कट्ट्यावर सगळ्यांना सांगायचा.

डॉक्टर आणखी एक गोष्ट बोलले होते. गोळ्या त्यांच्या बाटलीतच ठेवा. ती मात्र कानाआड झाली. बाटलीतली गोळी बाटलीत नाही तर कुठं ठेवणार, असंच क्रांतीला तेव्हा वाटलं असावं.

शालूबाईला वेगळीच काळजी होती. बाटली एक आणि माणूस दिवसभर हिंडणारा. मग जोतिबाचा अंगारा ती जशी पुड्या बांधून घरभर ठेवायची, तशाच तिनं गोळ्यांच्या पुड्या बांधल्या. एक पैरणीच्या खिशात, एक गोठ्याच्या भिंतीतल्या देवळीत, एक गाडीच्या डिकीत, एक दुधाच्या कासंडीच्या पिशवीत. "कळ कुठंबी गाठू दे, हात घालंल तिथं गोळी घावली पायजे," ती म्हणाली. घरात कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. जुन्या कॅलेंडरचा कागद तर क्रांतीनंच कातरून दिला होता.

त्या दिवशी आकाराम सांगितल्याप्रमाणं कट्ट्याच्या दगडावर बसला. खिशातली पुडी सोडून त्यानं गोळी जिभेखाली ठेवली. कुणीतरी म्हणालं, गाडी बोलवूया. त्यानं हात हलवला. "थांबा की. आत्ता लागू पडंल." थोड्या वेळानं म्हणाला, "आज चरचरंना कसं?" आणि पिशवीतली दुसरी पुडी सोडली. गाडी बोलावली तेव्हा उशीर झाला होता.

शालूबाईनं या मरणाचा राग काढला तोहिदवर. गल्लीच्या तोंडाला त्याचं औषधाचं दुकान. लहानपणी बापाचं बोट धरून तो आकारामच्या हातचं दूध प्यायला यायचा, पुढं दुकान झालं तरी सकाळचं दूध इथूनच. शालूबाईनं ते बंद केलं आणि गल्लीत सांगत सुटली, "पिठाच्या गोळ्या दिल्या त्या तोहिदनं." तोहिदनं कुणाला काही उत्तर दिलं नाही. ती दुकानावरून गेली की तो उठून उभा राहायचा, एवढंच.

पावसाळ्यात शालूबाईला वैरणीचा भारा उचलताना धाप लागायला लागली. छातीवर कुणी पाट ठेवल्यासारखं दाटून यायचं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी तीच गोळी लिहून दिली. क्रांती चिठ्ठी घेऊन तोहिदकडं गेली.

बाटली पुढं ठेवून तो म्हणाला, "वहिनी, ही फोडून ठेवू नका. झाकण घट्ट लावायचं. उन्हात न्हाय, चुलीपाशी न्हाय, अंगाला चिकटून न्हाय. बाहेर जाताना बाटलीच पिशवीत घालायची."

"फोडून म्हणजे?"

त्यानं बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट केलं. "मामा गेले तेव्हा मी पळत गेलतो कट्ट्यावर. त्यांच्या पायाशी कागद पडलेले बघितले." मग हळू आवाजात त्यानं सांगितलं, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. "कापूर उघडा ऱ्हायला की उडून जातो का न्हाय? तसंच हाय हे औषध. काचेबाहेर, कागदात, उन्हाळ्याच्या गरमीत त्याचा जोर उडतो. गोळी दिसायला तशीच ऱ्हाती."

क्रांतीला कातरीचा आवाज आठवला. कॅलेंडरचा गुळगुळीत कागद, त्याचे चौकोनी तुकडे.

"म्हणजे आमच्यामुळंच..."

"तसं कोण सांगणार? ताजी असती तरी वाचले असते, हे डॉक्टरबी छातीठोक सांगणार न्हायत."

"मग आत्ती एवढं बोलतात, तू बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? मामी, तुमच्या हातनं झालं, म्हणू?" तो काउंटरवरची धूळ पुसत राहिला. "देऊ देत शिव्या. मला काय हुतंय त्यानं. तुम्हीबी सांगू नका."

क्रांतीनं सांगितलं नाही. बाटली फळीवर ठेवली आणि गोळी कशी घ्यायची ते सासूला समजावलं. कुठल्या दुकानातली, ते शालूबाईनं विचारलं नाही आणि क्रांतीनंही काढलं नाही.

एका संध्याकाळी शालूबाई धार काढून आली ती उंबऱ्यातच थांबली. कासंडी खाली ठेवली आणि पदर मुठीत धरला. अमरसिंह, तिचा मुलगा, अजून कामावरून यायचा होता. क्रांतीनं तिला भिंतीला टेकवून बसवलं, फळीवरची बाटली काढली आणि एक गोळी हातावर घेतली.

शालूबाईनं बाटलीकडं बघितलं. "कुणाच्या दुकानातली?"

क्रांतीनं बाटली मुठीत झाकली, तेवढ्यानं शालूबाईला कळलं.

"ती गोळी मला नको. तिनंच फशिवलं ह्यास्नी."

"आत्ती, आधी घ्या. मागनं बोला."

"न्हाय म्हटलं न्हवं." तिच्या कपाळावर घाम आला होता. ओठ घट्ट मिटलेले.

दुसऱ्या दुकानातली आहे, एवढंच म्हटलं असतं तर भागलं असतं. शब्द क्रांतीच्या जिभेवर आले. पण आज खोटं बोलून गोळी तोंडात गेली असती आणि उद्या शालूबाईनं कागद कातरायला घेतला असता. रानाला जाताना एक, देवळात जाताना एक.

"आत्ती, गोळी खोटी नव्हती," क्रांती म्हणाली. "पुडीत बांधल्यानं तिच्यातला जोर गेला. बाटलीतनं काढून ठेवायचीच नसती. आपल्याला ठावं न्हवतं. कागद मीच दिला की तुम्हाला कातरून."

शालूबाई तिच्याकडं बघत राहिली. मिटलेले ओठ सुटले. ती काही बोलणार होती की नुसताच श्वास घेत होती, ते कळलं नाही. क्रांतीनं गोळी तिच्या जिभेखाली ठेवली आणि हात धरून शेजारी बसली. दुसऱ्या हातात फोन तयार होता, नजर घड्याळावर.

थोड्या वेळानं शालूबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"लई दुखतंय?"

तिनं नाही अशी मान हलवली. मग गोळी सांभाळत, तोंडातल्या तोंडात म्हणाली, "चरचरतंय."

पाच मिनिटं व्हायच्या आत छातीवरचा पाट उतरला. डोकं ठणकायला लागलं. तिनं उठायचं केलं तर क्रांतीनं दाबून बसवलं. "लगेच न्हाय. चक्कर येईल. उद्या डॉक्टरांकडं जायाचंय."

शालूबाई बसली. बाहेर म्हैस हंबरत होती.

"त्यांनी दोन पुड्या सोडल्या म्हणं," ती म्हणाली. "माझ्याच हातच्या. शेवटपतूर वाट बघत हुते, आता चरचरंल, आता चरचरंल."

क्रांतीनं तिच्या कपाळावरचा घाम पुसला.

"तोहिदला ठावं हुतं?"

"व्हय."

"आणि माझं ऐकून घेत हुता." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बाटली तूच ठेव, क्रांते. माझ्या हाताला नको."

"न्हाय आत्ती. तुमच्याजवळच पायजे ती." क्रांतीनं झाकण घट्ट फिरवलं आणि बाटली तिच्या कापडी पिशवीत घातली. शालूबाईनं पिशवी मांडीवर घेतली, पण तिला हात लावला नाही.

सकाळी क्रांती गोठ्यात गेली तर शालूबाई देवळीपुढं उभी होती. तळहातावर कॅलेंडरच्या कागदाची पुडी. घडीसुद्धा मोडली नव्हती. ती उघडेल, निदान टाकून तरी देईल, असं क्रांतीला वाटलं. शालूबाईनं पुडी परत देवळीत ठेवली, जिथं आकारामचा हात पोचायचा तिथंच.

मग एका तांब्यात दूध ओतून तिनं क्रांतीपुढं धरलं.

"तोहिदकडं दे. पैसं घिऊ नगंस." वळता वळता म्हणाली, "मी यायची हाय म्हणावं. आज न्हाय. आज माझ्यानं व्हायाचं न्हाय."